शेंदराखालचे रिव्हेट

नंदुरबार
ता. २ डिसेंबर १९३६

चि. रूपचंद,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून लिहिला असं समज. मनात आहे की नाही ते विचारू नकोस.

तू गेलास त्याला आज सतरा दिवस झाले. तुझ्या म्हणण्याप्रमाणे एव्हाना मी मेलेला असायला हवा, आणि माझ्याबरोबर जिनातली दीडशे माणसं. तर कळवायला आनंद वाटतो की आम्ही सगळे जिवंत आहोत. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी आईला आग दिली. काटा ऐंशी पौंडांवर खिळला आहे, सरकी काढणारे चोवीस जीन खडखडताहेत, कापसाच्या गाड्या धानोऱ्याच्या रस्त्यापर्यंत उभ्या आहेत. बॉयलरला आई म्हणतो म्हणून तू हसला होतास. पुण्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली की माणसाला आपल्या घरचं सगळंच हसण्यासारखं वाटत असेल.

पाडव्याला काय झालं ते आपल्या गावात, कोरीटमध्ये, लोक वाटेल तसं सांगतात. म्हणून एकदा मीच लिहितो. कारखाना दिवाळीसाठी बंद, बॉयलर गार. मी सकाळी आलो तर तू आईसमोर उकिडवा बसलेला, हातात पत्र्याचा तुकडा, आणि तिच्या तोंडावरचा शेंदूर खरवडून जमिनीवर पाडलेला. अकरा दसऱ्यांचा शेंदूर, रूपचंद. दर वर्षी नारळ फोडून, तेलात कालवून मी माझ्या हाताने चढवलेला. बोटभर जाड झाला होता. त्याच्याखाली रिव्हेटांची ओळ आहे हे मीसुद्धा विसरलो होतो.

"दादा, आठे देव नही. आठे तडा शे," तू म्हणालास. मग छोट्या हातोडीने एका रिव्हेटवर टक्कन मारलंस आणि त्याचं डोकं तुटून माझ्या पायाशी घरंगळत आलं. जाणत्या माणसाने तुला बक्षीस दिलं असतं. मला मात्र तिचा दात पाडल्यासारखं वाटलं.

तू दोष कशाला दिलास, तर माझ्या सोड्याला. नंदुरबारच्या विहिरींचं पाणी किती जड आहे ते तुला माहीत आहे. आईच्या पोटात दगडासारखा थर बसायचा आणि दर हंगामात नळ्या फुटायच्या. धुण्याचा सोडा टाकीत घालायची युक्ती मी काढली. अकरा वर्षं थर नाही, त्याबद्दल शेठने भर दसऱ्याला मला पागोटं बांधलं. आणि तू म्हणतोस, सांध्याच्या फटीतून पाणी झिरपतं, वाफ उडून जाते, सोडा मागे राहतो, साठून साठून तिखट होतो आणि ताणलेल्या लोखंडाच्या कणाकणांतली पकड सोडवतो. परदेशात यावर मोठमोठे लोक दहा-पंधरा वर्षं खपताहेत म्हणे. तू स्वतः लोखंडाची पट्टी ताणून गरम सोड्यात ठेवलीस, तर चाळीसाव्या दिवशी ती न वाकता मोडली. ती मोडकी पट्टी खिशातून काढून तू दाखवलीस कोणाला, तर माझ्या हाताखाली आग घालणाऱ्या कय्युमला. मला नाही.

"आग पेटाडशी तं मानसं मरतीन," असं तू चार माणसांदेखत म्हणालास. मी एक फटका मारला. भट्टी ढवळायची सळई हातात होती, म्हणून सळईचा. तू उजवा हात मध्ये घातलास त्याला मी काय करू? कय्युमने सळई धरली आणि स्वतःचा तळहात फाडून घेतला. त्याला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?

तुझी वहिनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. भाकरी वाढते आणि पाठ करून बसते. तू तिला समजावून दोन ओळी लिही. चूक झाली असंही लिही. मी मागचं सगळं विसरेन.

भाईदास


नंदुरबार
ता. १९ जानेवारी १९३७

चि. रूपचंद,

तुझं कार्ड मिळालं. दीड महिन्याने एक ओळ: 'पांढरं मीठ दिसलं की त्याच क्षणी आग काढा.' अक्षर असं की कोंबडी पाय पुसून गेली असं वाटावं. इतकं शिकून हे अक्षर, असं म्हणून मी हसलो. तेव्हा तुझी वहिनी दोन महिन्यांनी पहिल्यांदा बोलली. "ते डावा हातनं शे," ती म्हणाली. "भाऊना उजवा हात तुम्ही मोडा. आते कोनले मारशात?"

डाव्याने लिहितोस हे मला माहीत नव्हतं. बोटं बसली नाहीत का? तिकडे मोठे डॉक्टर असतील, दाखव. मी एक फटका म्हणून लिहिलं होतं. दोन असतील. रागात माणूस मोजत नाही.

जिनात सगळं ठीक आहे. संक्रांतीनंतर आईच्या तोंडाच्या डाव्या अंगाला, खालच्या बाजूला, थोडा ओलावा आला होता. नवीन शेंदूर तिथे फुगला होता. कय्युमने नखाने उचकटून पाहिलं, आणि माझ्याकडे आला. त्याचं बोट पांढरं झालं होतं.

"मिस्तरी, आई चुई ऱ्हायनी, पानी झिरपस. रूपचंदनी सांगेल व्हतं तेच पांढरं शे. आग काढू."

हंगाम भरात आहे. शेठ दिवसातून तीनदा विचारतात, गठाणी बांधायची प्रेस थांबली का? आग काढायची म्हणजे कारण सांगायचं. कारण सांगायचं म्हणजे तुझं नाव घ्यायचं. आणि ज्याला मी आईसमोर लोळवून मारलं तोच बरोबर होता, हे दीडशे माणसांना सांगायचं. मी कय्युमच्या कानाखाली वाजवली. त्याच्या ओठातून रक्त आलं. ते बाहीला पुसून तो म्हणाला, "मार. पन आग काढ."

मी आग काढली नाही. छन्नी लावून, हातोडा मारून सांध्याची कड दाबून बसवली. झिरपणं थांबलं. मग शेंदूर चढवला. पौषात दसरा नसतो हे मलाही कळतं. तरी चढवला. तेलाची वाटी कय्युमनेच धरली होती, फुटक्या ओठाने, माझ्याकडे न बघता.

तू घाबरशील म्हणून लिहीत नाही. थांबलं, हे कळवायला लिहितो. झिरपणं थांबलं म्हणजे दुखणं गेलं, असंच ना? तुमच्या पुस्तकात याला काय म्हणतात ते दोन ओळींत कळव. डाव्या हाताने लिहिलंस तरी चालेल.

भाईदास


नंदुरबार
ता. ११ फेब्रुवारी १९३७

रूपचंद,

आई फुटली. परवा मंगळवारी, सकाळी दहा वाजता.

डाव्या अंगाची रिव्हेटांची ओळ शिवण उसवावी तशी उसवली आणि तोंडाचा सबंध पत्रा सुटला. बाकीचं धूड मागची भिंत फोडून बाभळीच्या बांधापर्यंत गेलं. सातशे मण लोखंड, रूपचंद, पन्नास हात उडत गेलं. समोर कय्युम होता. त्याला मी दोन्ही हातांनी धरून उचलायला गेलो तर त्याची कातडी माझ्या हातात आली. त्याला घोंगडीत घेतला. तो लगेच मेला नाही. तिसऱ्या प्रहरापर्यंत होता, आणि शुद्धीत होता.

जिनाची सामाईक भिंत आत पडली. कापूस वाहणारी रूपलीबाई, मोलगीकडची, तिच्याखाली गेली. धानोऱ्याची एक बाई गेली. अकरा जण भाजले. उकळतं पाणी कापसाच्या ढिगात शिरलं होतं आणि त्या ढिगातून आम्ही माणसं ओढत होतो. ओरडण्याने कळायचं, कुठे हात घालायचा ते. एका ठिकाणी ओरडणं थांबलं म्हणून आम्ही तिथे खणणं सोडलं.

मी वाचलो, कारण मी तिथे नव्हतो. कामाला बाहेर गेलो होतो.

चौकशी लागली आहे. शेठ मला मागच्या खोलीत घेऊन बसले. म्हणाले, कय्युम तर गेला, मेलेल्याला कोणी फासावर चढवत नाही. जित्याने जिवंत राहायचं बघावं. मी लिहून दिलं की कय्युमने पाणी कमी होऊ दिलं, काचेच्या नळीकडे लक्ष दिलं नाही, कोरड्या पत्र्यावर थंड पाणी सोडलं. खाली सही केली. 

तुला चौकशीचं बोलावणं येईल असं वाटत नाही. पाडव्याची गोष्ट कोणी काढलेली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तूही काढू नकोस.

भाईदास


कोरीट
ता. २७ फेब्रुवारी १९३७

रूपचंद,

तुझं पत्र नाही. मी घरी बसून आहे. बैल सोडतो, बांधतो.

रूपलीबाईचा नवरा आमशा डोंगरातून खाली आला. बायकोला न्यायला आला होता तेव्हा तिला पुरून झालं होतं. कारखान्याच्या फाटकापाशी मला भेटला. बरोबर तिचे चार भाऊ. त्याने कपाळाला हात लावला नाही, रडला नाही. एवढंच विचारलं, "कोन?"

मी कय्युमच्या गल्लीकडे बोट दाखवलं.

पुढचं मी बघितलं नाही, ऐकलं. त्यांनी कय्युमचं दार फोडलं. त्याचा म्हातारा बाप ऐकू न येणारा, तो उठून दाराशी आला, काय म्हणताहेत ते कळावं म्हणून तोंड पुढे केलं. त्याच्या तोंडावर काठी बसली. जबडा तुटला. कय्युमची बायको हलीमा विळी घेऊन चुलीपुढे उभी राहिली, पाठीमागे दोन पोरी. शेजारी धावून आले म्हणून तेवढ्यावर थांबलं. आमशा जाताना सांगून गेला की होळी होऊ दे, मग गावच खाली आणतो. आता त्या गल्लीतले लोकही लाठ्या-भाले घासून बसले आहेत. होळीला महिनाही नाही.

आमशाला रानटी म्हणू नकोस. इथे सगळे म्हणताहेत. त्याची बायको भिंतीखाली चेंगरली आणि कोणी मारलं म्हणून त्याने विचारलं, ज्याला माहीत होतं त्यालाच विचारलं. मी तुला मारलं तेव्हा माझं कोण मेलं होतं?

काल हलीमा इथे आली. चार कोस चालत. अंगणात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. ती जिनातच बारदान शिवायची, तू पाहिली असशील.

"मन्हा मानूसनी पानी कमी व्हवू दिधं का?" एवढंच.

मी म्हणालो, तसं लिहून दिलं आहे. ती म्हणाली, "लिखेल माले वाचता येत नही. तू सांग." मी गोठ्यात निघून गेलो. बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो. बाहेर आलो तेव्हा ती गेली होती. तुझी वहिनी अंगणात उमटलेल्या तिच्या पावलांकडे नुसती बघत होती.

तो फटका एक नव्हता, दोनही नव्हते.

भाईदास


कोरीट
ता. १४ मार्च १९३७

प्रिय रूपचंद,

नंदुरबार स्टेशनवरून तुझ्या नावाने पार्सल टाकलं आहे. त्यात काय आहे ते आधी सांगतो, मग बाकीचं.

फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, पंचनामा व्हायच्या आधी, मी बांधावरून सांध्याचा एक तुकडा उचलून आणला होता. दीड हात लांब, सहा रिव्हेटांची भोकं. तो मी आपल्या विहिरीत टाकला. लोकांना सांगितलं, भंगारवाल्यांनी नेलं. कय्युमची बायको येऊन गेली त्या दिवसापासून मी त्या विहिरीचं पाणी प्यायचं सोडलं. परवा गळ टाकला आणि तो वर काढला.

तुला मारलं ती सळई जिनातून घरी आणून ठेवली होती, तीच घेतली. तुकडा जात्याच्या दगडावर आडवा ठेवला आणि मारली. एका फटक्यात दोन भोकांच्या मधून मोडला. वाकला नाही. मोडलेल्या जागी आतून काळा, अगदी कडेला तेवढी नव्या चांदीसारखी रेघ. म्हणजे फक्त तेवढी रेघ महिन्यापूर्वी धरून होती. बाकीचं लोखंड कैक वर्षांपूर्वीच सुटलं होतं, आणि मी त्याच्यावर दर दसऱ्याला शेंदूर लावत होतो. मग त्याचाच सांध्यापासून लांबचा भाग छन्नीने तोडून घेतला. त्याला सात फटके मारले. तो वाकला, दुमडला, पण मोडला नाही. तू जाताना ठेवून गेलेली पट्टी तुझ्या वहिनीने मिठाच्या डब्यात जपून ठेवली होती. ती शेजारी ठेवली. तिचंही तोंड तसंच काळं.

पत्रा कुठे निळा पडलेला नाही, फुगलेला नाही. पाणी कमी झालं असतं तर लोखंड तापून तसं झालं असतं, एवढं मला पंचवीस वर्षांच्या आगीने शिकवलं आहे. कय्युमने पाणी राखलं होतं. शेवटपर्यंत राखलं होतं. घोंगडीत असताना त्याने मला दोनच शब्द विचारले, "नळी भरेल?" मी म्हणालो, भरलेली. मला हे माहीत असून मी त्या कागदावर सही केली.

आणि मी कुठे गेलो होतो ते. त्या सकाळी साडेनऊला सांध्यातून बारीक शीळ यायला लागली. डाव्या अंगाचा शेंदूर गळून पडला, आणि खाली पांढऱ्या मिठाची दाढी. कय्युम माझ्याकडे बघत राहिला. आता तो बोलत नव्हता, मी मारलं होतं ना. त्याने नुसता फावड्याला हात घातला, आग ओढून काढायला. मी म्हणालो, थांब, हात लावशील तर तुझे तुकडे करीन. त्याला आगीसमोर उभं केलं आणि मी बाजारात गेलो.

मी शेंदूर आणायला गेलो होतो, रूपचंद.

काल ते तुकडे आणि सळई घेऊन हलीमाच्या घरी गेलो. गल्लीतल्या लोकांनी मला ओट्यावरच पाडलं. दोन दात गेले, बरगडी दुखते आहे. मारू दिलं. मग तिनेच त्यांना हटकलं. तिच्या सासऱ्यासमोर, जबड्याला फडकं बांधलेल्या त्या म्हाताऱ्यासमोर, मी हे सगळं सांगितलं. त्याला ऐकू येत नाही, म्हणून तुकड्याची काळी कड दाखवली, सळई दाखवली, स्वतःकडे बोट दाखवलं. त्याला कळलं. त्याने तोंड भिंतीकडे केलं.

हलीमाला शेंदराचंही सांगितलं.  ती म्हणाली, "शेंदूर भेटना का?"

"भेटना," मी म्हणालो. मिळाला होता.

पुडी माझ्या बंडीच्या खिशात होती. त्या दिवसापासून तशीच. ती मी तिच्यापुढे ठेवली.

तिने कोपऱ्यातून बारदान ओढलं, दाभण घेतली आणि सगळे तुकडे आत घालून शिवायला बसली. गठाणीला घालतात तसे पक्के टाके. मला म्हणाली, "तुन्हा भाऊ लिखी का, मन्हा मानूसना गुन्हा नही आसं?" मी म्हणालो, लिहील. तुझ्या वतीने शब्द दिला. माझ्यावर उपकार करायचं तुला काही कारण उरलेलं नाही, ते मला ठाऊक आहे. हा माझ्यावर करू नकोस, तिच्यावर कर.

तेव्हा असं कर. ते तुकडे तुझ्या यंत्रावर घाल, मोड, भिंगाखाली बघ आणि काय आहे ते तुमच्या प्रयोगशाळेच्या कागदावर लिहून चौकशीच्या साहेबांना पाठव. होळीच्या आत. माझा जबाब खोटा असल्याचं मी आज सकाळी स्वतः कचेरीत लिहून दिलं आहे. पण नुसत्या माझ्या शब्दावर आता कोणी विश्वास का ठेवावा? ते तुला विचारतील की हा तडा तुला आधी कसा कळला. पाडव्याचं सगळं लिही. कोणी शेंदूर खरवडला, कोणी रिव्हेटचं डोकं पाडलं, आणि त्याला कोणी मारलं. पाच फटके होते. पहिला खांद्यावर, मग तू हात वर केलास, मग तीन हातावर, आणि पाचवा तू खाली पडल्यावर. सहावा कय्युमने तळहातावर घेतला. पाच लिही. कमी लिहू नकोस, पाचही माझेच आहेत.

उद्या मी मोलगीला निघतो. तळोद्यापर्यंत गाडी, पुढे पायी. आमशाला गाठायचं आणि ज्या हाताने गल्ली दाखवली तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवायचा. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलं, ते बरोबर करून यायचं. तो काय करेल ते त्याचं त्याने ठरवावं. तुझ्या वहिनीला मी काही सांगितलं नाही, पण तिने न विचारता पाच भाकरी बांधून ठेवल्या आहेत. चार महिन्यांत पहिल्यांदा समोर तोंड करून बसली.

परत आलो तर पुण्याला येईन. तू दारात घे की घेऊ नकोस.

पार्सलात तुकड्यांबरोबर शेंदराची पुडीही निघेल. ती मी टाकलेली नाही. शेवटचा टाका घालायच्या आधी तिने टाकली. बारदान जपून उघड. मोडलेल्या लोखंडाला धार आहे, आणि तुला आता एकच हात आहे.

तुझा दादा
भाईदास